कोणत्या पुस्तकातलं तीनशे एकवीस

मंगळवारी लुबना पाचला उठे. स्टोव्हवर चहाचे आधण ठेवून ती अब्बांच्या चष्म्याच्या काचा ओढणीच्या टोकाने पुशी आणि चष्मा त्यांच्या उशाशी ठेवी. अम्मी, म्हणजे कुलसुमबी, दोन भाकरींमध्ये मिरचीचा ठेचा घालून पुडके बांधून देई. सहा पंचविसच्या अकोला गाडीत ती डाव्या बाजूची खिडकी धरी, कारण जानेवारीच्या थंडीत बडनेरा मागे पडले की ऊन त्याच बाजूने आत येई. पुढे मूर्तिजापूरपर्यंत कापसाच्या गाड्या लागत. त्यांच्यातून उडालेला एखादा पुंजका तिच्या बाहीवर येऊन बसे. ती तो झटकत नसे.

पिशवीत नावांची यादी असे. अमरावतीला जयस्तंभाजवळ भगवंतरावांचे पडताळणीचे ऑफिस होते. कंपन्या, पतसंस्था, शाळा नोकरीला माणूस ठेवण्याआधी त्याचे नाव तिथे पाठवत. त्या नावावर कुठे गुन्हा, खटला, शिक्षा आहे का, हे कोर्टाच्या नोंदींतून शोधून अहवाल लिहिणे हे लुबनाचे काम. भगवंतराव पोलिसांतले निवृत्त रायटर, म्हणजे ठाण्यातले लेखनिक. लुबना अर्जनवीस शफी मिर्झांची मुलगी. चाळीस वर्षे कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या अब्बांची नजर आता अधू झाली होती, पण कायद्याची भाषा मुलीच्या कानात उतरली होती. दंड संहितेची कलमे तिला पाठ होती, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

त्या मंगळवारी, २००७ सालच्या जानेवारीत, अकोल्याच्या कोर्टातल्या नक्कल खिडकीपाशी एक तरुण हातातला कागद उलटासुलटा करून पाहत होता. उंच, सावळा, स्वेटरच्या कोपराला बारीक रफू.

"डोमाजी भाऊ, हे 'शेरा' म्हंजे काय? मायावर शेरा मारला काय कोनी?"

खिडकीमागच्या डोमाजींनी मान वर केली नाही. "त्या मॅडमले विचारा. त्याइले सारं समजते."

तो वळला. लुबनाने हसू ओठांत दाबले.

"शेरा म्हणजे शेवटच्या रकान्यातली टीप," ती म्हणाली. "प्रकरणाचं पुढे काय झालं, ते तिथे लिहितात."

"आन 'फिर्यादी'? त्यो मी का समोरचा?"

"तक्रार करणारा. तुम्ही कोण आहात, ते मला काय माहीत?"

"मी आरोपी," तो छातीवर हात ठेवून, ओळख करून द्यावी तसा म्हणाला. "जिब्रान देशमुख. पातूरचा."

कोर्टाच्या व्हरांड्यात इतक्या प्रसन्नपणे स्वतःला आरोपी म्हणवणारा माणूस लुबनाने पाहिला नव्हता.

गोष्ट साधी होती. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या भावासाठी पातूर रोडवर रास्ता रोको झाला, त्यात तो बसला होता. "बसलो व्हतो. खोटं काहून बोलू?" पोलिसांनी छत्तीस जणांवर खटला भरला. पुढे सरकारने तो सोडून दिला, असे वकील म्हणाले, आणि सगळे आपापल्या घरी गेले. मात्र त्यानंतर ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत लागलेली नोकरी हातातोंडाशी येऊन गेली. कारण विचारले तर एवढेच कळले की रिपोर्ट ठीक नाही. तेव्हापासून तो अकोला–पातूर जीप चालवत होता. आता तीच कंपनी पुन्हा माणसे घेत होती. मुलाखत झाली होती. महिन्याच्या आत कोर्टाच्या हुकमाची नक्कल द्यायची होती.

"फाइल रेकॉर्ड रूमले हाये," डोमाजी आतून म्हणाले. "पुढच्या मंगयवारी."

"मंगळवारी मीही असते," लुबना म्हणाली. आणि हे आपण का सांगितले, या विचाराने तिचे कान तापले.

पुढच्या मंगळवारी नक्कल मिळाली नाही, पण बाकावर दोघांच्या मध्ये परतवाड्याची दोन संत्री होती. लुबना तिच्या वाट्याचे सोलत होती. जिब्रान तिच्या बोटांकडे पाहत होता. सगळी साल एकाच लांब पट्टीत निघाली.

"असं मले जमत नाही. माई तुटते."

"घाई करता तुम्ही."

"जीपवाल्याले घाई करा लागते… पन इथं नाई करून राहिलो मी. पाहा, दुसरा मंगयवार हाये."

तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली, म्हणजे उत्तर द्यायला नको.

"बरं, हे सांगा. खटल्यातून सुटलेल्याले काय म्हनते?"

"दोषमुक्त. पण आमचे अब्बा जुन्या चालीचे. ते उर्दूतला शब्द वापरतात… बरी. 'मुलजिम बरी हुआ.'"

"बरी?" तो हसत सुटला. "म्हंजे कोर्ट म्हनते, हा मानूस काही लय चांगला नाई, पन बरी हाये!"

"मराठीत 'बरा' म्हणावं लागेल तुम्हाला."

"तुमी म्हना ना मंग. जिब्रान बरा हाये."

"अजून नक्कल पाहिली नाही मी," ती म्हणाली. "पुराव्याशिवाय कसं म्हणू?"

परतीच्या गाडीत तिला आठवले की बरीचा आणखी एक अर्थ घरात रोज कानावर पडत होता. शेजारच्या गुलफामचे लग्न ठरले होते, आणि नवऱ्या मुलाकडून नवरीसाठी आलेले कपडे, अत्तर, बांगड्या पाहायला सगळा मोहल्ला लोटला होता. "बरी काय सुंदर आली!" अम्मी दोन दिवस तेच बोलत होती. एकच शब्द, आणि किती घरांत राहतो… लुबना खिडकीबाहेर पाहून उगाच हसली.

तिसऱ्या मंगळवारी नक्कल मिळाली. जिब्रानने ती न उघडता तिच्या हातात दिली.

"तुमीच वाचा. मले वकिलाच्या भाषेची धडकी भरते."

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरकारी वकिलांचा अर्ज… फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ३२१ अन्वये खटला मागे घेण्यास परवानगी… सर्व आरोपींना दोषमुक्त करण्यात येते…

तीनशे एकवीस.

तिचा आवाज थांबला. खटल्याचा क्रमांक तिने पुन्हा पाहिला. तो आकडा तिने याआधी लिहिला होता. स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने.

"काय झालं? काही वाईट हाये काय?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "वाईट काहीच नाही. तुम्ही… सुटला आहात. ही आजच कंपनीत द्या."

"मंग चेहरा काहून असा?"

"गाडी चुकेल माझी," ती म्हणाली. गाडीला अजून दीड तास होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

ऑफिसात पोहोचताच तिने ठिबक कंपनीला पाठवलेल्या जिब्रानच्या अहवालाची जुनी फाइल काढली. नोव्हेंबर २००५. नोकरीतला तिचा पहिला महिना. कोर्टाच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'क. ३२१ – निकाली' एवढेच होते, आणि तिने तो आकडा गुन्ह्यांच्या ओळीत नेऊन बसवला होता: 'कलम १४३, ३४१, ३२१ (इच्छापूर्वक दुखापत) – निकाली.' खाली सहीऐवजी दोन अक्षरे: लु. मि.

संध्याकाळी अब्बा अंगणात खाटेवर बसले होते. तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"अब्बा, तीनशे एकवीस म्हणजे काय?"

शफीमियांनी तिच्या दिशेने मान वळवली. "कोनत्या किताबीतलं, बेटा?"

ती खाटेच्या कडेला टेकली.

"दंड संहितेतलं असंल तर एकानं दुसऱ्याले मारलं. प्रक्रिया संहितेतलं असंल तर सरकारनं खटला मांगं घेतला. आकडा तोच. आधी किताब पाह्य, मंग आकडा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "काहून? कोनाचं चुकलं?"

"माझं," लुबना म्हणाली.

त्यांनी कप खाटेच्या पायाशी ठेवला. मग एवढेच म्हणाले, "अर्ज चुकला तर मी दुसरा लिहून देत व्हतो. खालती नाव टाकून."

बुधवारी सकाळी तिने दुरुस्तीचे पत्र भगवंतरावांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"पोरी, त्यानं नक्कल देल्ली ना? झालं त मंग. कंपनी पाहून घेईल. आपन काहून गोटा पायावर पाडून घ्यावा?"

"नक्कल म्हणते तो सुटला, साहेब. आपला अहवाल म्हणतो त्यानं कुणाला तरी मारलं. दोन्ही कागद एकाच फाइलीत राहतील. वाचणारा आपल्यावरच विश्वास ठेवील, त्याच कामासाठी तर ते आपल्याकडे येतात."

"ऑफिसचं नाव जाईल."

"म्हणून माझं घातलं आहे."

भगवंतरावांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "कंपनीनं म्हनलं या पोरीले काढा, तर मी काय करू?"

"मग काढा," ती म्हणाली. जावक वहीत तिने क्रमांक टाकला. पत्राखाली दोन अक्षरे नव्हती. पूर्ण नाव होते. दुपारी ती स्वतः कंपनीच्या कार्यालयात गेली, पत्र दिले आणि पोच घेऊन आली.

नक्कल मिळाल्यावर जिब्रानला कोर्टात काही काम उरले नव्हते. तरीही चौथ्या मंगळवारी तो त्याच बाकावर होता, हातात एक अर्धवट सोललेले संत्रे घेऊन. लुबनाने बसण्याआधीच पत्राची प्रत त्याच्यापुढे धरली.

"आधी हे वाचा. मग… बसायचं की नाही, तुम्ही सांगा."

त्याने वाचले. वकिलाची भाषा नव्हती, त्यामुळे त्याला कुणाला विचारावे लागले नाही. त्याची नजर शेवटच्या ओळीवर, तिच्या नावावर थांबली.

"सव्वा वर्ष," तो हळू म्हणाला. "सव्वा वर्ष मी जीप चालवली. अम्मी इचारे, तू खरंच कोनाले मारलं व्हतं काय? मायी अम्मी."

"माहीत आहे. म्हणजे… माहीत नव्हतं. आता आहे."

तो उठला आणि फाटकाबाहेर गेला. बाकावर संत्रे राहिले. तिने त्याला हात लावला नाही.

पाचव्या मंगळवारी बाक रिकामा होता. डोमाजींनी खिडकीतून एकदा तिच्याकडे पाहिले आणि न विचारता चहा मागवला. त्या आठवड्यात लुबनाने ऑफिसातले जुने अहवाल एकेक करून तपासायला घेतले होते; प्रत्येक आकड्यापुढे ती पुस्तकाचे नाव लिहीत होती. आणखी एक चूक सापडली. तिच्याही दुरुस्तीचे पत्र गेले. भगवंतराव कुरकुरले, पण नोकरी राहिली. उलट प्रक्रिया संहितेची एक प्रत त्यांनी स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली.

सहाव्या मंगळवारी ती मुद्दाम त्या बाकावर बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली. आणि पाठीमागून आवाज आला—

"मॅडम, एक शब्द समजत नाई."

ती वळली नाही. वळली असती तर डोळे दिसले असते. "कोणता?"

"कबुली. आरोपीनं सोताहून, कोनी न मारता, न इचारता कबुली देल्ली… तर कोर्ट काय करते?"

"शिक्षा सांगते," ती म्हणाली. "कधी कधी थोडी कमी."

"मंग आयका. पह्यले आठ दिवस मले तुमचा लय राग आला. मंग इचार केला, हे पत्र नसतं लिवलं तर मले जलमभर कयलं नसतं. तुमाले ठाव व्हतं, तरी लिवलं." तो पुढे येऊन उभा राहिला. त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "कंपनीनं बोलावलं हाये. एक तारखेपासून. अम्मीले तुमचं पत्र वाचून दाखवलं. दोनदा. म्हने, पोरगी खरी हाये… कुठची हाये?"

"मग?"

"म्हनलं, अमरावतीची. मंगयवारी अकोल्याले येते. संत्र्याची साल एका दमात काढते." तो घुटमळला. जीपवाल्याची सगळी घाई कुठेतरी राहून गेली होती. "मी तर बरी झालो. आता… बरी घेऊन आलो तर? कोनाच्या घरी यावं, तेवढं सांगा."

लुबनाने वर पाहिले. हसू तिला आवरता आले नाही, आणि त्याला ते पाहता यावे म्हणून तिने आवरलेही नाही.

"आधी किताब पाहा," ती म्हणाली, "मग आकडा. बरी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी तुमच्या अम्मीला येऊन चहा प्यावा लागतो, आणि अब्बांच्या उलटतपासणीला उत्तरं द्यावी लागतात."

"उलटतपासनी लय चालते काय?"

"चाळीस वर्षं अर्ज लिहिलेत त्यांनी."

खिडकीमागे डोमाजी खोकल्यासारखे हसले.

तिने पिशवीतून नकलेचा एक कोरा अर्ज काढला, उलटा केला आणि बाकावर ठेवून लिहायला बसली. मोहल्ला. गल्ली. निळ्या दाराचे घर. शफी मिर्झा, अर्जनवीस. येण्याचा दिवस: शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजनंतर. मग क्षणभर पेन थांबले, आणि तिने खाली सही केली. दोन अक्षरे नाहीत. लुबना शफी मिर्झा.

कागदाची घडी घालून तिने त्याच्या हातात दिली, पिशवी खांद्याला लावली आणि यादीतल्या पहिल्या नावासाठी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.