काराकश कुणी नेली

"आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," कासिमाली म्हाताऱ्याने सुरुवात केली, आणि तोक्तोसुनने ओळखलं की आजचा दिवस लांबणार.

शेजारी बसलेल्या सायरागुलने चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. तपास सुरू झाला की ती असे डोळे मिटायची. पाहणाऱ्याला वाटे, बाई विचार करतेय. तोक्तोसुनला अलीकडे वाटू लागलं होतं, की बाई झोपतेय. काराकोलच्या पोलिसांत आयुष्य आणि गुडघे दोन्ही झिजवून झाल्यावर ती खाजगी तपासाच्या धंद्यात पडली होती. तोक्तोसुन तिची गाडी चालवायचा. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत तो दोनदा पहिल्याच फेरीत आपटला होता आणि तिसऱ्यांदा आपटायची जोरदार तयारी करत होता.

"परवा पहाटे काराकशला हातावर घेऊन टेकडीवर गेलो," म्हातारा म्हणाला. "गरुडांच्या शर्यतीआधी पक्षिणीला जरा वारा दाखवावा म्हटलं. तर वरच्या कड्यावरून हिमबिबट्याने अशी डरकाळी फोडली, की तळ्यापलीकडच्या हॉटेलांतले पाहुणे खाटांवरून पडले असतील. घोडा उधळला, मी खाली. तेवढ्यात त्या बिबट्याने झेप टाकली आणि आमची एक मेंढी उचलली."

"अख्खी?" तोक्तोसुनने विचारलं.

"अर्धी कशी उचलेल, बाळा? मी उठून बसतोय, तोच तोंडं बांधलेली दोन माणसं. एकाने माझ्या हातावरून काराकशला ओढली. पायांतल्या चामडी वाद्यांसकट, डोळ्यांवरच्या टोपीसकट. काळी गाडी होती त्यांची. पुढे कझाकांचा झेंडा फडफडत होता."

"झेंडा नीट दिसला?" सायरागुलने डोळे न उघडता विचारलं.

"तू दिसतेस तसा. निळा, मधोमध पिवळा सूर्य."

"आणखी काही?"

"आणखी काय असायचंय? निळा रंग आणि सूर्य. बस्स."

म्हाताऱ्याचा मुलगा मेलिस दाराशी उभा होता. चाळिशी उलटलेला, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्यानेच सायरागुलला बोलावलं होतं.

"कझाक-बिझाक काही नाही, एजे," थोरल्या बहिणीची हाक देत तो म्हणाला. "हा शेजारचा तालाय आहे. शर्यतीत दरवर्षी बाबांच्या मागे राहतो, म्हणून जळतो. उद्या दुपारी पोलीस येतोय, तेव्हा तुमच्या तोंडून नाव निघालं की झालं. परवा हॉटेलवाला राखात येणार आहे काराकशला न्यायला. त्याच्या हॉटेलच्या अंगणात बसवायची ठरली आहे. पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतील, आमचं जरा भागेल."

"अक्सकलांना चालणार होतं हे?"

"बाबांनीच तर दुवा दिली. राखात जेवायला आला होता तेव्हा. सगळ्यांसमोर."

कासिमाली आपल्या वाडग्यातल्या चहाकडे पाहत राहिला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

आतल्या खोलीत काराकशची बैठक रिकामी होती. वर खुंटीला चामड्याची छोटी टोपी लटकत होती, चांदीच्या नक्षीची, आणि तिच्याशेजारी दोन मऊ वाद्या. सायरागुलने वादीवरून बोट फिरवलं.

"ही दुसऱ्या पक्षिणीची?"

"दुसरी आहे कुठे?" मेलिसची बायको गुलसुन म्हणाली. "बाबा एका वेळी एकच ठेवतात. टोपी त्यांनी स्वतः शिवली, काराकशच्या मापाने. बाजारातली तिला टोचायची म्हणे. सुनेला काय टोचतं हे मात्र कधी विचारलं नाही."

मागच्या अंगणात ती पुन्हा तिच्या कामाला बसली. मेंढीचं एक कातडं पसरून त्यावर मीठ चोळत होती. सायरागुल कण्हत तिच्यासमोर बसली आणि लोकरीत हात खुपसून ऊब घेऊ लागली.

"नवं दिसतंय."

"परवाचं. बाबांनी आणून टाकलं. घर त्यांच्या कातड्यांनी भरलंय, एजे. आता यावर बसायला पाहुणे आणा म्हणावं."

तालाय शेजारच्याच वाडीत राहायचा. तिथवर चालत जाणं शक्य होतं, पण सायरागुल गाडीत बसली. तोक्तोसुनला तेवढा रस्ताही गप्प बसवेना.

"एजे, शुक्रावर एक दिवस एका वर्षापेक्षा मोठा असतो. ठाऊक होतं?"

"या गावातही असतो."

"आणि चंद्रावर माणूस गोल्फ खेळून आलाय."

"कोक-बोरू खेळला का? नाही ना. मग कशाला गेला एवढ्या लांब."

"बरं, हे ऐका. आपल्या झेंड्यावरच्या सूर्याला चाळीस किरणं आहेत. कझाकांच्या सूर्याला बत्तीस, त्याच्याखाली पंख पसरलेला गरुड, आणि दांड्याकडे नक्षीची पट्टी. नेपाळचा झेंडा तर चौकोनीच नाही."

सायरागुलने एक डोळा उघडला. "जनावरांचं काही पाठ केलंयस की सगळे झेंडेच?"

"केलंय ना. हिमबिबट्या थंडीत शेपटी तोंडाभोवती गुंडाळून झोपतो. गुरगुरतो, फुरफुरतो, मांजरासारखा ओरडतो, आणि—"

"पुरे," सायरागुल म्हणाली. "थांबव गाडी. आलं घर."

तालाय कट्ट्यावर बसला होता. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मागच्या आठवड्यात कोक-बोरूच्या मैदानात बोकडाच्या धडासाठी झोंबताना तिघे घोड्यांसकट त्याच्यावर कोसळले होते.

"या, पकडायला आलात?" तो म्हणाला. "बेड्या घालायच्या तर एकच हात मिळेल."

"पक्षीण डाव्या हातावरही नेता येते," सायरागुलने सहज म्हटलं.

"युरोपात डाव्याच हातावर घेतात," तोक्तोसुन लगेच पुढे सरसावला. "आपल्याकडे उजव्या."

"घेत असतील," तालाय म्हणाला. "काराकशला उजव्यावर वाढवलीय. डाव्या हातात हातमोजा घालून तुम्ही अख्खा बोकड धरलात तरी ती त्याच्यावर उतरायची नाही. ती मला ओळखते, एजे. पण माझ्या डाव्या हाताला ओळखत नाही."

"मेलिसला हे ठाऊक नाही?"

"त्याला? लहानपणी तोच तर बाबांच्या मागे मोजा घेऊन पळायचा. आता त्याला फोटो आणि हप्ते दिसतात. राग नाही माझा. दोन पोरं शहरात शिकतायत त्याची." तालायने पाय ताणले. "म्हाताऱ्याकडे मात्र संशयाने नका बघू. आधीच्या दोन पक्षिणी त्याने सोडल्या तेव्हा मी होतो सोबत. जुन्या रीतीने, डोंगरावर निरोपाची मेंढी ठेवून. पोरगी सासरी धाडावी तसा रडला होता."

सायरागुल कण्हत उठली. "मला झोप आलीय," ती म्हणाली.

आणि ती खरंच झोपली. तो सारा दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सगळी सकाळ ती पाहुण्यांच्या खोलीत रजई ओढून पडून राहिली. मेलिस दारापाशी येऊन खाकरून गेला. गुलसुन गरम, तळलेले बोरसोक ठेवून गेली, ते तोक्तोसुनने संपवले. प्रश्नमंजूषेचं पुस्तक मिटून तो खिडकीतून डोंगर बघत बसला. एवढा कंटाळा त्याला पहिल्या फेरीतसुद्धा आला नव्हता.

दुपारी पोलीस आला आणि अंगणात बाकावर बसून टोपीने वारा घेऊ लागला. तालायला कुणीतरी बोलावून आणलं होतं. सायरागुल तेव्हा कुठे उठली, शाल गुंडाळून बैठकीत आली, आणि भिंतीला टेकली.

"मी दमलेय," ती म्हणाली. "त्यामुळे एकदाच सांगते. तालाय घरी जाऊ शकतो. उजवा हात गळ्यात बांधलेला माणूस काराकशला हातावर घेऊच शकत नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. मेलिस, तुलासुद्धा."

मेलिसने नजर वळवली.

"मग कझाक चोर?" गुलसुनने विचारलं.

"कझाक चोरही नाहीत. अक्सकल, तुम्ही झेंडा पाहिलात, मी दिसतेय तसा. निळा रंग आणि सूर्य, बस्स म्हणालात. त्या सूर्याखाली गरुड आहे, पंख पसरलेला. जन्मभर आभाळात गरुडाशिवाय ज्याने दुसरं काही पाहिलं नाही, त्या माणसाला झेंड्यावरचा गरुड दिसला नाही? तुम्ही तो झेंडा त्या पहाटे पाहिलेलाच नाही."

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली.

"चोर पक्षिणीला टोपीसकट, वाद्यांसकट घेऊन गेले म्हणालात. टोपी खुंटीला आहे. वाद्याही आहेत, आणि त्या कापलेल्या नाहीत, कुणीतरी सावकाश सोडवलेल्या आहेत. उघड्या डोळ्यांची, मोकळ्या पायांची गरुडीण गाडीत घालणारा चोर गाव ओलांडायच्या आत डोळे गमावून बसला असता."

"आणि बिबट्या?" तोक्तोसुनने विचारलं.

"तू सांग. गाडीत मी तुला मध्येच तोडलं होतं. गुरगुरतो, फुरफुरतो, ओरडतो, आणि?"

"आणि डरकाळी फोडू शकत नाही," तोक्तोसुन म्हणाला, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. "एजे, वाघ-सिंह फोडतात. हिमबिबट्याला डरकाळी नसतेच."

"नसते. मी मुद्दामच थांबवलं तुला. तू ते तालायच्या दारात मोठ्याने बोलला असतास आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं." सायरागुलने गुडघा चोळला. "बिबट्याने मेंढीही नेली नाही. बिबट्या मेंढी सोलून कातडं घरी पाठवत नाही, सुनेने मीठ लावावं म्हणून. मेंढी सुरीने कापली गेली, आणि मांस वर डोंगरात राहिलं. जुन्या रीतीने. जाणाऱ्या पक्षिणीचा वाटा."

गुलसुनने चहाचं भांडं खाली ठेवलं.

"काराकशला कुणी नेली नाही," सायरागुल म्हणाली. "ती सोडली गेली."

मेलिस सावकाश वडिलांकडे वळला. तो ओरडला नाही. ओरडण्याइतकं बळ त्याच्यात उरलेलं दिसत नव्हतं. "बाबा, नको होतं तर नाही म्हणायचं. दुवा कशाला दिलीत?"

"जेवणाची दुवा होती रे ती," कासिमाली म्हणाला. आता त्याच्या आवाजात डरकाळ्या नव्हत्या. "जेवण संपलं, सगळ्यांनी हात पसरले, मीही पसरले. डोळे जड झाले होते. अन्नाला बरकत मागितली, तोंडावरून हात फिरवला. डोळे उघडतो तर राखात माझे हात धरून म्हणतोय, अक्सकलांनी होकार दिला. तुम्ही सगळे खूश. पोरांची शाळा, घराचं छप्पर. पसरलेल्या हातांची दुवा मी परत कशी घेऊ? माझ्या बापाने कधी घेतली नाही. म्हणून मग चोर आणले."

"आणि मला तुरुंगात धाडलं असतंत," तालाय म्हणाला.

"तुझं नाव मी घेतलं नव्हतं. पोलीस तुला नेऊ लागला असता तर बोललो असतो." म्हातारा थांबला. "बोललो असतो, असं वाटतं."

यावर हसू कुणालाच आलं नाही, तालायला सोडून.

मेलिसने खुंटीवरून मोजा काढला आणि वडिलांच्या मांडीवर ठेवला. "दुवा परत घेता येत नाही ना? मग पाळा. ती लांब गेली नसेल. एव्हाना भूकही लागली असेल. चला, हाक मारा तिला."

म्हातारा उठला. दुवेपुढे त्याचं काही चालत नव्हतं.

सगळे टेकडीवर गेले. सायरागुलसुद्धा, तोक्तोसुनच्या खांद्यावर भार टाकून, दर दहा पावलांवर त्याला शिव्या घालत. वर गवत पिवळं पडलं होतं. खाली तळं निपचित पडलं होतं. कासिमालीने मोजा झटकला, डाव्या हातात चढवला, उजव्या हाताने त्यावर लालभडक मांसाचा तुकडा ठेवला आणि हात वर धरून हाक दिली. लांब, खर्जातून चढत जाणारी हाक. त्या हाकेत काही खोट नव्हती. ती ऐकून तोक्तोसुनलाच जाऊन बसावंसं वाटलं.

कड्यामागून काराकश निघाली. पंख न हलवता ती खाली आली, इतकी खाली की तिच्या डोळ्यांवरची काळी भुवई दिसली. एक चक्कर मारली. मांस पाहिलं, माणूस पाहिला. दुसरी चक्कर घेतली. म्हाताऱ्याने पुन्हा हाक दिली. तिसऱ्या चकरेत ती त्याच्या उजव्या खांद्यावरून अगदी जवळून गेली, क्षणभर पाय पुढे काढले, त्या बाजूला उतरण्यासारखं काही नव्हतं, ते परत पोटाशी घेतले, आणि चढू लागली.

"एजे," तोक्तोसुन म्हणाला, "पण त्यांनी तर—"

सायरागुलने दुखऱ्या पायाचा सगळा भार त्याच्या बोटांवर टाकला. "शुक्रावर काय मोठं असतं म्हणालास?" ती पुटपुटली. "ते आठव, आणि गप्प राहा."

मेलिस डोळ्यांवर हात धरून पाहत होता. पक्षीण कड्याच्या रेषेला लागली तरी पाहत होता. ती तळहाताएवढी झाली, मग बोटाएवढी, मग आभाळात कुणी खडूने टिंब द्यावं तेवढी, आणि पलीकडे उतरली. तरीही तो काही वेळ तसाच उभा राहिला. मग हात खाली घेऊन वडिलांजवळ गेला.

"बाबा," तो म्हणाला, "मोजा डाव्या हातात आहे."