सपाट्याचं आवतन

"कोणी नेली? सरदारची झूल कोणी नेली?"

बेबीताई वानरीण चावडीच्या पत्र्यावर उड्या मारत ओरडत होती. खाली खुरसगावचे सगळे बैल एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे होते. उद्या पोळा, आज संध्याकाळी खांदेमळणी, आणि सकाळी सकाळी ही बातमी.

खुरसगाव म्हणजे बाळापूरच्या खाली, मन नदीच्या काठावरचं जनावरांचं गाव. इथे बैल शेती करतात, म्हशी डेअरी सांभाळतात आणि नत्थुजी नावाचे गाढव गुरुजी शाळा चालवतात. त्यामुळे 'गाढवाला गुळाची चव काय' ही म्हण त्या शाळेत कुणी मोठ्याने म्हणत नाही. हात मात्र अख्ख्या गावात एकट्या बेबीताईला. झुली बांधायच्या, शिंगं रंगवायची, खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, सगळी कामं तिच्याच गळ्यात.

चावडीच्या दारात तिघं जण माना लांब करून ऐकत होते. पुढे होती जमुना. ही कालवड वयाने लहान, पण प्रश्न विचारण्यात सगळ्यांची आजी. तिच्या मागे डोमाजी. नाव ऐकून कुणी म्हातारा वाटेल, पण तो होता रेडकू, शांत आणि खाण्यात पटाईत. तिसरा केयूर, पांढऱ्या केसांचं झुबकेदार कुत्र्याचं पिल्लू. तो अमरावतीच्या राजापेठेतून पोळ्याच्या सुट्टीत पाहुणा आला होता. दोन-दोन ट्यूशनमधून सुटका झाल्यामुळे आल्यापासून त्याचं शेपूट थांबलंच नव्हतं.

"नुसती झूल नाई," बेबीताई खाली उतरत म्हणाली. "घुंगरमाळ गेली, बाशिंग गेलं अन् हळद-लोण्याची एक वाटी बी गेली."

गावचे प्रमुख बापूसाहेब पुढे आले. एवढं उंच वशिंड पंचक्रोशीत दुसऱ्या बैलाला नव्हतं. सरदार हा त्यांचा जोडीदार. दोघांनी सारा जन्म एकाच जुवाखाली घालवला होता. गेल्या उन्हाळ्यात चाऱ्याचा दुष्काळ पडला आणि सरदार गेला. तेव्हापासून बापूसाहेब फारसे बोलत नसत. यंदा पोळ्याच्या रांगेत उभं राहायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"सपाट्या," ते एवढंच म्हणाले.

केयूरने जमुनाच्या कानात विचारलं, "कोण सपाट्या?"

"नदीकाठच्या बंद जिनिंगमंधी राह्यते. काळा-पांढरा हाये, अन् पाठ सपाट, वशिंडच नाई. त्याच्याजवळ गेलं का तो शिंग मारते, असं सगळे म्हन्तेत."

"तू पाहिलंय?"

"नाई न बाप्पा. तिकडं जायाची बंदी हाये."

तेवढ्यात बापूसाहेबांनी हुकूम सोडला. "दुपारून सगळ्याइनं जायाचं अन् त्याले नदीपार हाकलून लावायचं. पुन्हा या गावात त्याचं तोंड दिसलं नाई पाह्यजे."

गर्दीत जमुनाची आई कुंदा उभी होती. ती एकदम वळली आणि घराकडे निघून गेली. हे फक्त जमुनाने पाहिलं.

तिघं बाभळीखाली जमले. डोमाजी रवंथ करत करत म्हणाला, "मले एक समजलं नाई. चावडीत एवढ्या नव्या कोऱ्या झुली होत्या. चोरानं जुनी काहून नेली?"

"घुंगरमाळही सरदारचीच," केयूरने कान टवकारले. "आणि बाशिंगही. म्हणजे उद्या जे कुणी घालणारच नव्हतं, तेवढंच त्याने नेलं. पोळा बिघडवायचा असता तर चांगल्या जोडीची झूल नेली असती ना!"

"अन् लोणी?" जमुना म्हणाली. "लोणी तर खांद्याले चोळाचं असते."

मग कुणी काही न ठरवता तिघंही नदीच्या वाटेला लागले. बंदी होती हे खरं, पण बंदी घालणारी मोठी मंडळी चोराला पकडायच्या चर्चेत इतकी गुंतली होती, की खुद्द चोर शेजारून गेला असता तरी त्यांना कळलं नसतं. बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणायला हवं, पण ही म्हणही त्या गावात जपूनच वापरावी लागते.

वाटेत वेशीवर तोरणाचे दोन खांब उभे होते. उद्या आंब्याच्या पानांच्या या तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहणार होत्या. डोमाजीने एका खांबाला सवयीने अंग घासलं आणि तो दचकला. "अबे, हा हालून राहिला! खाली कोणतरी उकरलं."

"मुंगूस असेल," केयूर म्हणाला, आणि ते पुढे गेले.

नदीकाठी बंद जिनिंग होतं. पूर्वी इथे गावोगावचा कापूस सरकी काढायला यायचा. आता भिंतींवर वेल चढले होते. जमुना भिंतीशी थबकली. विटांवर पिवळाधमक डाग होता, बरोबर बैलाच्या खांद्याच्या उंचीवर. केयूरने हुंगून सांगितलं, "हळद आणि लोणी. अंग घासलंय इथे कुणीतरी."

जमुनाच्या लक्षात आलं. बेबीताईसारखे हात कुणाकडे नसतात. पण प्रत्येकाला चोळून द्यायला बेबीताई असते. हा भिंतीला घासून स्वतःचंच स्वतः चोळून घेत होता.

तिघांनी दारातून आत डोकावलं. सपाट्या मोठा होता, चांगलाच मोठा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, गुलाबी नाकाड आणि पाठ पाटासारखी सपाट. झूल पाठीवर घ्यायची त्याची धडपड चालली होती. दातात धरून तो ती मागे फेकायचा आणि ती दुसऱ्या बाजूने घसरून जमिनीवर पडायची. पुन्हा फेकायचा, पुन्हा पडायची.

डोमाजीला शिंक आली. रेडकाची शिंक ती, जिनिंगभर घुमली.

सपाट्या गर्रकन वळला. "कोन हाये?" त्याने खुराने माती उडवली. "हसाले आले? या, हसा! उद्या मी हसन. तोरनाचा खांब म्या उकरून ठेवला हाये. पोळा उभा राह्यला का एक धडक देईन, सगळं तोरन त्याइच्या डोक्शावर! मंग पाहू कोनाचा पोळा होते ते!"

केयूर जमुनाच्या पायांमागे लपला. ट्यूशनमध्ये अशा प्रसंगी काय करावं हे शिकवत नाहीत. पण जमुना त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती कोपऱ्यात पाहत होती. तिथे वाळलेल्या पळसाच्या पानांचा ढीग होता. प्रत्येक पान दुमडलेलं आणि कडेला तुरीची काडी टोचलेली. दर पोळ्याला तिची आई अशाच पानात शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा घेऊन नदीवर जायची. विचारलं की म्हणायची, नदीले निवद.

"हे पानं माह्या आईचे हायेत," जमुना म्हणाली.

सपाट्याचा खूर जागच्या जागी थांबला. "तू कुंदाची?"

"हाव."

त्याने तिला नीट निरखलं. मग खाली बसला, एवढा मोठा बैल, एकदम धपकन. "कुंदा माही बहीन हाये," तो म्हणाला. "एकाच मायचे आमी. मायनं माहं नाव मानिक ठेवलं होतं."

मग त्याने सांगितलं. एका वर्षी पावसाने दगा दिला, कपाशी उभ्या उभ्या वाळली आणि गावात एक योजना आली. लांबच्या थंड देशातले पाहुणे बैल येणार, गावात दुधाच्या नद्या वाहणार. बापूसाहेबांनीच हार घालून त्यांचं स्वागत केलं होतं. ते पाहुणे इकडच्या उन्हात जीभ बाहेर काढून जे परत गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. मागे राहिला एक गोऱ्हा. मोठा झाला तरी त्याला वशिंड फुटलं नाही. मानेवर जू ठेवलं की ते मागे घसरायचं. गाव हसायचं.

"बापूसाहेब म्हने, ज्याले जू नाई त्याले पोळा नाई," माणिक म्हणाला. "माय होती तोवर राह्यलो. मंग इकडं आलो. बाप कोन पाह्यला नाई, अन् मायचं गाव मले म्हन्ते तू आमचा नाई. मंग मी कोनाचा?"

"मी पण तसाच आहे," केयूर मागून पुढे येत म्हणाला. "आई पॉमेरियन, बाबा गल्लीतले. आमच्या राजापेठेत कुणी विचारत पण नाही."

"तुले कोनी जू ओढाले लावते काय?"

"नाही."

"मंग!"

बाहेरून आवाज आला. ढोल, हंबरडे आणि शेकडो खुरांची धडधड. गाव निघालं होतं.

"पळा मामा!" डोमाजी ओरडला. जमुनाचा मामा म्हणजे त्याचाही मामाच.

"नाई," जमुना म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं. "डोमाजी, मागच्या वर्षी पारडीचा तो भांडखोर बैल आठोते? बेबीताईनं अंधुकात चुकून त्याच्या खांद्याले लोनी लावलं अन् आवतन देल्लं."

"आठोते न! माह्या वाटनीची पोळी त्यानं खाल्ली."

"त्याले हाकललं काय?"

"कसं हाकलन? आवतन देल्लं का देल्लं. आवतनाचा पाहुना परत धाडत नाईत."

"लोण्याची वाटी कुठे आहे?" केयूरने विचारलं, आणि तो वाटीकडे धावलाही.

माणिकला काही कळायच्या आत जमुनाने वाटीत कपाळ बुडवलं आणि ती त्याच्या खांद्याला कपाळ घासू लागली. दुसऱ्या खांद्यावर केयूर दोन पायांवर उभा राहून पंजांनी लोणी चोळत होता. डोमाजी जिभेने मदत करत होता, म्हणजे निम्मं लोणी त्याच्याच पोटात जात होतं. जमुनाने माणिकच्या कानाशी तोंड नेलं आणि दर वर्षी बेबीताई म्हणते तेच म्हटलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हे शब्द माणिकने दर वर्षी नदीकाठावरून ऐकले होते, दुसऱ्यांसाठी म्हटलेले.

दारात बापूसाहेब उभे राहिले. मागे सगळं गाव. "पोट्टेहो, बाहेर या! अन् तू..."

"बापूसाहेब, थांबा," जमुना म्हणाली. तिच्या कपाळावर पिवळा टिळा माखला होता. "याइच्या खांद्याले लोनी लागलं हाये. आवतन देल्लं म्या."

गावात कुजबुज झाली. बेबीताई कपाळावर हात मारत म्हणाली, "लागलंच म्हना! आता कसं हाकलता?"

"हे आवतन नाई चालत," बापूसाहेब गरजले. "पोळा जू ओढनाऱ्याचा असते. याच्या खांद्यावर जू टिकत नाई."

"पन बापूसाहेब, उद्या तुमच्या खांद्यावर जू असन काय?"

"नाई. पोळ्याले कोनाच्याच खांद्यावर जू ठेवत नाईत. तो तर..." आणि बापूसाहेब मध्येच थांबले.

"मंग उद्यासाठी वशिंड काहून पाह्यजे?" जमुनाने विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

गर्दीतून कुंदा पुढे आली. ती भावाशेजारी जाऊन उभी राहिली. "हा माहा भाऊ हाये," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्या आजवर चोरून जेवू घातलं, याची मले लाज वाटते. तुमाले हाकलाचं असन तर दोघाइले हाकला."

"एक मिनिट," माणिक म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "तोरनाचा एक खांब म्या उकरला हाये. उद्या पडला असता. या पोट्ट्याइले म्या सांगितलं होतं, ते चूप राह्यले. पन हे पोट्टे उद्या तोरनाखालीच बसतीन न. आधी तो खांब ठोका. मंग माहं काय कराचं ते करा."

बापूसाहेबांची नजर जमिनीवर पडलेल्या झुलीवर गेली. लाल रंग, आरशाचे तुकडे, कडेला सरदारच्या शिंगाने फाटलेली जागा. ते हळूच पुढे झाले आणि त्यांनी ती हुंगली.

"बेबीताई," ते म्हणाले, "ही झूल याच्या पाठीवर नीट बांध. सरदारनं अशी लोंबती घातली नोती कधी. अन् तू चाल, खांब तूच ठोकशीन."

खांब माणिकनेच ठोकला. त्याच्या सपाट कपाळाचा धक्का इतका जबरदस्त होता, की बेबीताईला भीती वाटली, आता हा खांब पुढच्या पोळ्यालाही निघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या लागल्या. शिंगं रंगली, घुंगरू वाजले, नत्थुजी गुरुजींनी खड्या आवाजात झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या. सगळ्यांत शेवटी बापूसाहेब आले आणि रांगेच्या टोकाला, आपल्या ठरलेल्या जागी उभे राहिले. शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. "आता काय ढोल वाजवून बलावू?"

माणिक आला. एका पाठीवर डोंगराएवढं वशिंड, दुसरी पाठ सपाट, आणि दोन्हींवर एकाच कापडाच्या लाल झुली. गाव हसलं नाही. कुंदा मात्र रडली आणि त्याबद्दल तिने कुणाची माफी मागितली नाही.

पोळा फुटून जोड्या रांगेतून सुटल्यावर बापूसाहेबांनी तिघांना सर्वांसमोर बोलावलं. "आमी म्हातारे झालो, पन एक साधा सवाल आमाले सुचला नाई. या पोट्ट्याइनं इचारला. नत्थुजी, याइले काय बक्षीस द्याचं?"

"सोमवारची सुट्टी!" गुरुजींच्या आधी डोमाजीच बोलला, आणि एवढा हशा पिकला की गुरुजींना ती द्यावीच लागली. केयूरने लगेच विचारलं, की ही सुट्टी राजापेठेतल्या ट्यूशनलाही लागू होते का. त्यावर मात्र गुरुजींनी कान पाडले.

संध्याकाळी घरोघरच्या पंगती आटोपल्या. माणिकने पळसाच्या पानावरचा ठोंबरा चाटून पुसून संपवला. या वेळी पान त्याच्यापर्यंत चोरून आलं नव्हतं. तो उठला, जिनिंगच्या वाटेकडे वळला आणि थांबला.

"जमुना," त्याने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी बी आवतन भेटन काय?"

जमुना उत्तर देणार तोच पलीकडून, डोळे मिटून रवंथ करणारे बापूसाहेब बोलले.

"आवतन गोठ्यात येऊन देतेत. सरदारची जागा मोकळी हाये. तू इकडं कोठं चालला?"