तिसऱ्यांदा आपटलेली टाच

यात पदरचं मी काही घातलेलं नाही. माझी धाकटी जाऊ, पूर्वी, हे सांगते तेव्हा आजही दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेते.

गणपती नुकतेच गेलेले. रविवार. भरदुपार.

चिंचपोकळीच्या चाळीत, तिच्या कमलआत्याच्या खोलीत ती दोघींसाठी चहा करून बसली होती.

पूर्वी मराठी मालिकांच्या कॅप्शन्स लिहिते. ऐकू न येणाऱ्यांसाठी. बोलणं तर लिहायचंच, शिवाय आवाजही. कंसात.

[कुकरची शिट्टी]. [दार आपटतं].

हे कंस तिला आत्याने शिकवले. आत्याचे कान गिरणीतल्या खडखडाटाने कधीच नेलेले.

"सून रडता ता दिसताच गे माका! दाराआड कोणाची पावलां वाजतत, ता कोण सांगतला?"

म्हणून प्रत्येक भाग आधी आत्याच्या टीव्हीवर लागायचा. आवाज बंद. तिला कळला, तर पास.

आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. आत्याला हाक मारून उपयोग नाही, म्हणून ते फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटायचे. दोनदा. धप, धप. आत्याला तळपायातून कळायचं. "ऑर्डर इली," म्हणत उठायची.

त्या दुपारी टीव्हीवर रिकामं अंगण होतं. कोणी बोलत नव्हतं. आणि खाली अक्षरं आली...

[जमिनीवर टाच आपटते]

पूर्वी दचकली.

हे तिने लिहिलंच नव्हतं.

आत्याची मान मात्र वळली होती. मोरीच्या पडद्याकडे.

[टाच आपटते]

"इले," आत्या म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा हसली.

"कोण?" पूर्वीने हातानेच विचारलं.

"तुझे आतोबा! तुका कळूक नाय? कान आसान काय उपेग!"

पूर्वीला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिच्या पायाखालची फळीसुद्धा हलली नव्हती...

आत्या पदर सारखा करत निघाली. पूर्वीला तिला अडवायचं सुचेना, आणि खरं तर धीरही होईना. किती दिवसांनी त्या तोंडावर हसू दिसत होतं.

आत्याचा हात पडद्यापर्यंत पोचला.

[टाच आपटते]

आत्या थांबली.

हात तसाच हवेत. पडद्यावरची नजर न काढता ती मागे मागे सरकू लागली.

"पूर्वी... ह्ये ते न्हय. ते दोनदाच आपटत."

टीव्हीवर आता सासू तावातावाने भांडत होती. तोंड हलत होतं. पण खाली तिचं वाक्य नव्हतं...

[पडद्यामागे श्वास]

पूर्वीने आत्याचा दंड धरला आणि दोघी अनवाणी गॅलरीत आल्या. शेजारच्या शेवंतीबाई आत जाऊन बघून आल्या.

"कोण नाय गो. मोरी कोरडी ठणठणीत. टीव्ही पण बंद हा."

टीव्ही या दोघींनी बंद केलाच नव्हता.

फाइल पूर्वीने पुन्हा पुन्हा तपासली. त्या अंगणाच्या दृश्याखाली एकही ओळ नाही.

आत्या आता दादरला पूर्वीकडे असते. सिमेंटची इमारत, घट्ट लाद्या. पायाला काही जाणवायला नको, म्हणून तर आणलं.

परवा दोघी सोफ्यावर चहा पीत होत्या. आत्याने एकदम पाय वर घेतले. चहा बशीत सांडला.

"तू आपटलंस?"

पूर्वीने पटकन मान डोलावली. हो, मीच.

आत्याने पूर्वीच्या पायांकडे पाहिलं. पूर्वी मांडी घालून बसली होती.

आत्याने बशीतला चहा तेवढा कपात ओतला.