सात शनिवारांचा कॉम्प्युटर

"एवढ्याशा पॉवर सप्लायवर हे सगळं चालवणार? कठीण आहे…"

वाक्य मराठीत होतं, अगदी हळू आवाजात होतं, आणि ते पुटपुटणाऱ्याला पक्की खात्री होती, की परदेशातल्या सिम लिम या कॉम्प्युटर मार्केटच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या चिंचोळ्या दुकानात ते कुणालाही कळणार नाही. पण काउंटरवर पार्ट्सची यादी घेऊन उभी असलेली मुलगी गर्रकन वळली.

"का हो? काय वाईट आहे माझ्या पॉवर सप्लायमध्ये?"

मागचा उंच, चष्मेवाला तरुण कानांपर्यंत लाल झाला. "सॉरी… म्हणजे… तुम्ही मराठी—?"

"ते नंतर बघू. आधी पॉवर सप्लाय."

"साडेपाचशे वॉट कमी पडतील. तुम्ही घेताय ते ग्राफिक्स कार्डच निम्म्याहून जास्त खाणार. मग ऐन गेममध्ये मशीन बंद पडेल, आणि तुम्ही दोष द्याल कार्डाला."

"मिस, यू लिसन टू हिम," दुकानदार अंकल हसत म्हणाले. "ही नोज एव्हरीथिंग. बट एव्हरी वीक कम, एव्हरी वीक लुक-लुक, नेव्हर बाय वन लाह!"

आता मात्र तो इतका कानकोंडा झाला, की क्षिप्राला हसू आवरेना. खूप दिवसांनी असं खळखळून हसायला आलं होतं. मग तिने यादी त्याच्यापुढे सरकवली.

त्याचं नाव यशोधन. पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहणारा. ती क्षिप्रा. दहा वर्षांची असताना आईबाबांबरोबर मुंबईहून आली, आता रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी, घर सेम्बावांगला. खालच्या फूड कोर्टात कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता एवढं सगळं बोलून झालं, आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"कॉम्प्युटर नक्की कशासाठी हवाय?" त्याने विचारलं.

"व्हिडिओ एनकोडिंग. घरच्या जुन्या टेप आहेत कॅमेऱ्याच्या, त्रेसष्ट. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, साफ करायच्यात. माझा लॅपटॉप पहिल्याच टेपला मान टाकतो. आणि थोडं गेमिंग." ती जरा थांबली. "थोडं म्हणजे… गाड्यांच्या शर्यती. त्यात मला कुणी हरवू शकत नाही."

"बघू की," तो म्हणाला.

दुकानात परत गेल्यावर अंकलच्या नमुन्याच्या मशीनवर त्यांनी ते बघितलं. यशोधन तीनदा हरला. तिसऱ्यांदा हरल्यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे जाहीर केलं, की दोष चष्म्याचा होता.

त्या दिवशी क्षिप्रा पार्ट्स न घेताच घरी आली. यशोधन म्हणाला होता, की आठवडाभर थांब, मी नीट तुलना करतो. आणि ती 'बरं' म्हणाली होती.

खरं तर तिने थांबायला नको होतं. का, ते तिने त्याला सांगितलं नव्हतं.

तिची आई विनीता, हिची उजव्या डोळ्याची मधली नजर आदल्या वर्षीच गेली होती. डाव्या डोळ्यात तेच सुरू झाल्याचं डॉक्टरबाईंनी ऑक्टोबरात सांगितलं. इंजेक्शनं चालू होती. पण समोर बघाल ती जागा एके दिवशी धूसर होईल, फक्त कडेकडेचं दिसत राहील, आणि तो दिवस कधी येईल ते सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र कपाटातली टेपांची पेटी काढून ती क्षिप्राला म्हणाली, "त्याच्या आत यांना एकदा नीट बघू दे मला."

'हे' म्हणजे क्षिप्राचे बाबा, प्रकाश. सेम्बावांगच्या गोदीत इंजिनिअर होते, चार वर्षांपूर्वी गेले. घरात त्यांचे फोटो होते, पण फोटोत बाबा कायम पासपोर्टसाठी उभे केल्यासारखे. आईला चालता-बोलता माणूस बघायचा होता. आणि पंचाईत अशी, की कॅमेरा नेहमी बाबांच्याच हातात. त्रेसष्ट टेपांत त्यांचा आवाज होता, चेहरा नव्हता. फक्त एकदा, जेट्टीवर फिरायला गेले असताना, आईने हट्टाने कॅमेरा घेतला होता. संध्याकाळ उतरलेली, आईचा हात हलणारा. ते अंधारं, थरथरतं चित्र मोठं, उजळ आणि स्थिर करायचं तर दणकट मशीन हवं होतं. टेपा बाहेर कुणाला द्यायला आई तयार नव्हती.

हे सगळं सांगायला क्षिप्राला दोन मिनिटं लागली असती. पण त्या दोन मिनिटांनंतर शर्यतींवरून चिडवणारा, कोपीत साखर ढवळता ढवळता चोरून बघणारा यशोधन आपल्याकडे दयेने बघायला लागेल, असं तिला वाटलं. घरात दुःख होतंच. एक शनिवार तरी त्याच्या बाहेरचा असू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या शनिवारी तो एक्सेल शीट घेऊन आला. एक्केचाळीस ओळी, लाल, पिवळ्या, हिरव्या. फाइलचं नाव होतं 'क्षिप्रा फायनल'.

"माझ्या नावाची शीट?"

"मग काय अंकलच्या नावाची करू?" तो म्हणाला आणि घाईघाईने स्क्रीनकडे वळला. "हे बघ. एनकोडिंग ग्राफिक्स कार्डावर केलं तर झटपट होतं. प्रोसेसरवर केलं तर सावकाश होतं, पण चित्र सुबक येतं. त्यावरून सगळं ठरेल. तुला काय हवंय… झटपट की सुबक?"

क्षिप्राला उत्तर माहीत होतं, झटपट. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"सुबक," ती म्हणाली.

मग प्रोसेसर बदलला. प्रोसेसर बदलला म्हणून मदरबोर्ड बदलला, तिसऱ्या शनिवारी. चौथ्या शनिवारी कूलर. इथल्या दमट हवेत साधा पंखा पुरणार नाही, असं यशोधनचं मत. पाचव्या शनिवारी डिसेंबरातला पाऊस असा कोसळला, की रस्त्यापलीकडच्या एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपर्यंत जाणंही अशक्य झालं. दोघं दाराशी उभे राहिले. पावसाचे तुषार तिच्या केसांवर येत होते, आणि तो तिच्या आणि पावसाच्या मधे येऊन उभा राहिला. त्याचा अर्धा शर्ट भिजला.

"आता घेऊन टाकूया का रे?" तिने विचारलं. "पार्ट्स?"

"जानेवारीत नवीन कार्ड येतंय…" तो पावसाकडे बघत म्हणाला. "थांबलीस तर बरं. म्हणजे… तुझी घाई असेल तर—"

"नाही," ती म्हणाली. "घाई कसली?"

घरी आल्यावर आई विचारायची, "झालं का ग तुमचं मशीन?" क्षिप्रा म्हणायची, "पुढच्या आठवड्यात, आई." आई म्हणायची, "बरं." त्या 'बरं'ने तिला अपराधी वाटायचं. आणि तरीही शनिवार उजाडला, की ती आरशासमोर जाऊन उभी राहायची. फाइल आता 'क्षिप्रा फायनल ७' झाली होती.

सातव्या शनिवारनंतरच्या गुरुवारी ती ऑफिसला निघताना आई दाराशी आली. रोजच्यासारखी तिच्याकडे बघून म्हणाली, "क्षिप्रा, आज तुझं तोंड दिसत नाहीये ग मला. मधेच काहीतरी आलंय."

क्षिप्रा तिला घेऊन तशीच दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी लगेच इंजेक्शन दिलं. डोळ्यात रात्रीतून रक्त उतरलंय, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, म्हणाल्या. दवाखान्याच्या बाहेरूनच क्षिप्राने यशोधनला फोन लावला.

"मला पार्ट्स आज हवेत. जे असतील ते."

"आज? अगं, पण कार्ड पंधरा दिवसांत—"

"माझी आई आंधळी होतेय, यशोधन."

"निघालो," तो म्हणाला.

त्याने ऑफिसातून रजा टाकली. दुकानात असेल तो प्रोसेसर, असेल ते कार्ड, टेपांचा जुना कॅमेरा जोडायला लागणारं जास्तीचं कार्ड, सगळं तासाभरात घेतलं. अंकलनी स्वतः खोकी टॅक्सीपर्यंत आणून दिली. सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर त्याने मशीन जोडायला घेतलं. क्षिप्रा स्क्रू हातात देत होती. सात शनिवार अखंड बडबड करणारी ही दोघं त्या दुपारी कामापुरतंच बोलली.

लेबलांवरच्या तारखा पुसटल्या होत्या, म्हणून टेपा एकेक करून चालवून बघाव्या लागल्या. जेट्टीची टेप एकोणिसावी निघाली. यशोधनने तिच्यावर शुक्रवार आणि शनिवार घालवले. झटपट, कार्डावर.

रविवारी सकाळी आई टीव्हीसमोर बसली. ती नवी साडी नेसली होती.

पडद्यावर जेट्टी आली. लाकडी फळ्या, मागे पाणी, आणि कठड्याला टेकलेले बाबा. "अगं, बोट काढ काचेवरचं!" बाबा हसत ओरडले, आणि घरात चार वर्षांनी त्यांचं हसू ऐकू आलं.

आईने सरळ बघून पाहिलं. मग मान जरा वळवली. मग आणखी वळवली. तिचं तोंड खिडकीकडे झालं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ती पडद्याकडे बघू लागली.

"पांढरा शर्ट," ती म्हणाली. "हं. आणि चाल तीच. डावा पाय जरा टाकून…" थोडं थांबून तिने विचारलं, "क्षिप्रा, तेव्हा मिशी होती का ग यांना?"

पडद्यावर बाबांचा चेहरा हातभर मोठा दिसत होता. मिशीचा केस न् केस दिसत होता.

"होती, आई," क्षिप्रा कशीबशी म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

यशोधन मागोमाग आला. ती ओट्याला धरून उभी होती.

"मला ऑक्टोबरपासून माहीत होतं," ती म्हणाली. "तरी दर वेळी मी 'बरं, थांबू' म्हणत राहिले. तू विचारलंस, झटपट की सुबक. मला झटपट म्हणायचं होतं रे… पण म्हणाले नाही. का, ते विचारू नकोस."

"नाही विचारत. मी माझं सांगतो." तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तुझ्या हातात जी यादी होती ना, त्यातला फक्त पॉवर सप्लाय बदलला असता तरी चाललं असतं. नवीन कार्डाची काही गरज नव्हती. मला ते माहीत होतं. पण पार्ट्स ठरले असते, तर तू परत कशाला आली असतीस?"

तिला राग यायला हवा होता. आला तो फक्त हुंदका.

"घाई असती तर तू सांगशील असं मी धरून चाललो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"बाहेर या दोघं," हॉलमधून आईचा आवाज आला. "नजर गेलीय माझी. कान शाबूत आहेत."

दोघं बाहेर आली. क्षिप्रा आईच्या पायाशी बसली. "आई, माझ्यामुळे तुला—"

"थांब. नजर माझी होती ना? मग ती कशावर खर्च झाली ते मला विचार." आईने तिच्या केसांवर हात ठेवला. "यांना मी एकतीस वर्षं बघितलंय. डोळे मिटले तरी दिसतात, मिशीसकट. पण हे गेल्यापासून तू या घरात तोंड पाडून वावरत होतीस. चार वर्षं. आणि आता हे दोन महिने… शनिवार आला की कानातले तीन-तीनदा बदलायचीस. परत आलीस की एकटीच हसायचीस. मशीन का होत नाहीये, ते मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? मी मुद्दामच घाई केली नाही. तुझ्याकडे बघत बसायचे. शेवटचं नीट काय बघितलंस, असं कुणी विचारलं ना, तर मी तुझंच तोंड सांगेन."

क्षिप्रा आईच्या मांडीत डोकं घालून रडली. टेप संपली होती. यशोधन भिंतीशी उभा होता, जावं की थांबावं ते न कळून.

"तू ये इकडे," आई म्हणाली. "जवळ ये. घाबरू नकोस."

"काकू, मी खरंच—"

"बोलू नको. उभा राहा, बघू दे." आईने पुन्हा मान खिडकीकडे वळवली आणि कोपऱ्यातून त्याला न्याहाळलं. "उंच दिसतोस. क्षिप्रा, हा कोण ग? नाव ठाऊक आहे मला. नाव नाही विचारत."

सात शनिवारांत जे तिने त्याला एकदाही सांगितलं नव्हतं, ते ती डोळे पुसून, त्याच्याकडे बघत आईला म्हणाली, "मला आवडतो हा, आई. खूप आवडतो."

यशोधनने चष्मा काढला. या वेळी तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

"मग हात धर त्याचा," आई म्हणाली. "दोघं दोन टोकांना उभी राहिलात तर मला एकाच वेळी दिसत नाही."

क्षिप्रा उठली आणि तिने त्याचा हात धरला.