कोरा बर्फ

गप्प राहण्यात माझ्या नवऱ्याचा, लाइलचा, फायदा मोठा होता. शिकागोच्या कलादालनानं आमच्या तळ्याच्या चित्राच्या चाळीस प्रती मागवल्या होत्या, मिनेसोटातल्या या गावात त्याचं नाव होतं. बोलण्यात फायदा झाला असता तो फक्त शेजारच्या हेड्डाचा.

एप्रिलात लाइल काठावर बसून बर्फ रेखाटत होता. हेड्डाचा नवरा ऑस्कर गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी ओढून आणायला निघाला.

"बर्फ वजन धरेल का रे?"

"धरेल," लाइल मान वर न करता म्हणाला.

धरला नाही. ऑस्कर बुडाला. शेरीफ चौकशीला आला तेव्हा मीच म्हणाले, "आमचे हे दिवसभर घरीच होते."

जूनमध्ये छपाई झाली. आठ रंग, आणि ते कागदावर गाळायला आठ रेशमी पडदे. रंग इतका जाड बसतो की बोटाला कड लागते. बर्फ तेवढा कोरा कागद. ऑस्करला लाइलनं चित्रात घेतलंच नव्हतं.

हेड्डा कॉफीला आली. प्रतीवरून अंगठा फिरवता फिरवता थांबली. "बर्फावर हे काय लागतंय?"

"काही नाही. तिथं रंगच नाही," लाइल म्हणाला.

"चाळीस वर्षं टाके मोजलेत या अंगठ्यानं. मला शिकवतोस?"

तिनं तिसरी प्रत चाचपली, बारावी, एकोणतिसावी.

"ही नको. यात तो अजून लांब आहे." चाळिसावीवर, लाइलच्या सहीपाशी, अंगठा टेकला. "ही दे. यात काठाला आलाय."

मग हळूच म्हणाली, "लाइल, तू त्याला पाहिलं होतंस का रे?"

लाइलनं तोंड उघडलं.

"कसे पाहतील?" मी कॉफी ओतत म्हणाले. "घरी होते ना."

ती गेल्यावर मी उरलेल्या प्रती चाचपल्या. गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा. प्रत्येक प्रतीत थोडा पुढे.

पडदे धुण्याआधी लाइलनं खात्रीसाठी आणखी एक प्रत काढली. आठ रंग वाळायला आठ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत त्याची झोप उडाली, जेवण सुटलं.

"तू बघ. माझ्या बोटांचा भरवसा नाही."

काठ सपाट होता. समास सपाट.

तळ्याच्या मधोमध लागले.

दोन. शेजारी शेजारी.

"आहे काही?"

"कोरा आहे."

एप्रिलनंतर पहिल्यांदाच तो हसला. पुढच्या मार्चमध्ये चित्रवही घेऊन, निर्धास्त, बर्फावर गेला. तोही परतला नाही.

खोटं तीनदा मी बोलले. किंमत हेड्डानं आणि लाइलनं मोजली. त्यात मी नव्हते.