स्टेशन तीनची रेषा

सुमात्रातल्या त्या ज्वालामुखीवर बसवलेली यंत्रं आपली मोजमापं थेट सिंगापूरच्या लॅबमध्ये पाठवायची, आणि ती रोज वाचणं हे ऋताचं काम. २०१४च्या मे महिन्यात गंधकाचा वायू अचानक निम्म्यावर आला, तेव्हा तिने निशिकांत सरांना लेखी कळवलं : तोंड बुजलंय, आत दाब साठतोय, वर कुणालाही पाठवू नका.

"वायू कमी, धोका कमी," सर म्हणाले होते, आणि तिथली यंत्रं पुसायला त्यांनी लॅबमधल्या मुकुलला धाडलं. दुसऱ्या सकाळी डोंगर फुटला. मुकुल सापडला नाही.

आज नवव्या दिवशी सरांचा अहवाल तिच्या टेबलावर आला. 'उद्रेकापूर्वी इशारा मिळाला नव्हता.' ऋताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, माझी मेल?"

"त्याने मुकुल परत येणार आहे का, ऋता?"

जुने आकडे काढायला ती तणतणत स्क्रीनपाशी गेली. स्टेशन तीन चालू होतं.

मुकुल तिथेच गेला होता. ते स्टेशन आता दोन पुरुष खोल राखेखाली होतं. गंधक शून्य. फक्त कार्बन डायऑक्साइडची रेषा चढत होती, उतरत होती. दर चार सेकंदांनी. तिने केबल बदलली, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. रेषा तशीच.

तिने सरांना बोलावलं. ते वाकून बघू लागले.

"बिघडलंय," म्हणाले, आणि त्यांना ठसका लागला. तीनदा खोकले.

रेषा तीनदा उसळली.

"सर, श्वास रोखा."

"काय?"

"रोखा म्हणते ना."

त्यांनी रोखला. रेषा सपाट झाली. सोडला, तशी ती वर आली.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद कर ते," एवढंच म्हणून ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली धावले.

रेषाही धावू लागली.

मग ती मंदावली. चार सेकंद. सात. बारा.

ऋताने फोन हातात घेतला. सरांचा नंबर समोरच होता. सिंगापूरमधल्याच हौगांगहून मुकुलची बायको स्वप्नाली रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "नीट शोधताहेत ना त्यांना?"

एकोणीस.

ऋताने फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढून घेतली.