थोरल्याचा होकार

दार लोटून घ्या, आणि मधे कुणी बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही रे पोरांनो. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सगळे त्याला धाकटा म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊही आमच्याच इस्पितळात, कॉम्प्युटरच्याच कामावर होता.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. धाकटा जेवून घरातून निघाला. बायकोला म्हणाला, "एक मशीन अपग्रेड करायचंय. सकाळी येतो." साधं काम. पण ते मशीन थोरल्याचं होतं. तान्ह्या बाळांच्या वॉर्डातल्या काचेच्या पेट्या त्याला जोडलेल्या. एखाद्या बाळाचा श्वास अडला की ते नर्सच्या खोलीत भोंगा वाजवायचं. थोरल्याने त्याला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागू दिला नाही. आणि त्याच्या महिनाभर आधी थोरला त्या मशीनसमोरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. अंगात ताप होता. साहेबांनी सुट्टी नाकारली होती.

तेच साहेब आता धाकट्याला म्हणाले, "सोमवारी तपासणी आहे. नवा कर्नल टाक. तुझ्या भावाने घातलेला घोळ निस्तर एकदाचा."

धाकट्याच्या मस्तकात तिडीक गेली. पण नोकरीचा प्रश्न, मान डोलावली. खरं तर साहेबांपेक्षा त्याचा राग थोरल्यावर जास्त. जन्मभर याला काही शिकवलं नाही. विचारायला गेलं की एकच, "तुला नाही कळायचं. सरक."

आता कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. कुठली डिस्क ओळखायची, कुठला भोंगा, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. नवा कर्नल घालताना जुन्या सेटिंग्जची फाइल त्याच्यापुढे ठेवायची. जुनं ते तो मुकाट उचलतो, आणि नवं असेल तेवढंच विचारतो: हो की नाही, 'वाय' की 'एन'? काही न लिहिता एंटर दाबलं, की बहुतेक ठिकाणी 'नाही'.

त्या रात्री मशीनच्या खोलीत धाकट्याने थोरल्याची फाइल ठेवली. प्रश्न सुरू झाले. वाचतोय कोण! दातओठ खात तो एंटर बडवत सुटला. "हे घे. हेही घे."

पावणेदोनच्या सुमाराला भोंगा ज्याला जोडलेला त्या कार्डाचा प्रश्न आला. नव्या कर्नलमध्ये त्या कार्डाचं नाव बदललं होतं, म्हणून थोरल्याचा जुना 'हो' गळून पडला होता. धाकट्याला ते कुठे ठाऊक! त्याने एंटर दाबलं.

पुन्हा तोच प्रश्न.

एंटर.

तोच.

"नाही म्हटलं ना!"

मशीनच्या पंख्यांची घरघर थांबली. मानेवर श्वास आला. गरम... तापाने फणफणलेल्या माणसाचा.

त्याने मागे पाहिलं नाही. हात उचलायला गेला... उचलेना. मनगट कुणीतरी धरलं होतं. त्याचं बोट सरळ केलं. पुढे नेलं. 'वाय'वर.

"सोड," धाकटा म्हणाला. "जिवंतपणी कधी हात धरून शिकवलंस? मग आता..."



पकड घट्ट झाली. हाड करकरलं.

"दादा... दुखतंय..."

बोट खाली गेलं. इतक्या जोरात, की कीबोर्डला तडा गेला.

हो.

पुढचा प्रश्न आला. पंखे घरघरू लागले. खोलीत कुणी नव्हतं.

राहिलेला एकेक प्रश्न त्याने शब्द न् शब्द वाचून संपवला. मशीन पुन्हा सुरू केलं. उजाडता उजाडता भोंगा वाजला. नर्स धावली. एक बाळ निळं पडलं होतं... वाचलं.

सोमवारी साहेब खुशीत. "बघ, झालं ना पटकन? तुझा भाऊ उगाच बाऊ करायचा."

धाकट्याने त्यांची कॉलरच धरली. "तुम्ही मारलंत त्याला! त्याचं नाव घ्याल तर..."  

मीच सोडवलं. सोडवताना त्याचं बोट पाहिलं. अख्खं नख काळंनिळं. त्या दुपारी जिन्यात बसून त्याने मला हे सगळं सांगितलं.

असं नख काही महिन्यांत वाढून निघून जातं. परवा तो भेटला, मी मुद्दाम हात बघायला मागितला. नख वाढतं, तो कापतो.

डाग जागचा हललेला नाही.